लाकूड कोरायला स्टेनलेसचा चाकू चालतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही रत्नागिरीला राहता आणि हौसेने लाकडी चमचे, कालथे कोरता. लाकूड बहुतेक आंब्याचं किंवा शिवणीचं, अधूनमधून फर्निचरवाल्याकडून आणलेले सागाचे तुकडे. ऑनलाइन घेतलेला स्टेनलेसचा चाकू सुरुवातीला छान कापतो, पण पंधरा-वीस मिनिटांत त्याची धार एकदम जाते. मित्र म्हणतो, स्टेनलेस लाकडाच्या कामाचंच नाही, लोहाराकडून कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) चाकू करून घे. पण साध्या पोलादाला तुमच्याकडे पावसाळ्यात बघता बघता गंज चढतो. मग स्टेनलेस ठेवायचं की सोडायचं?

माझ्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. स्टेनलेस की साधं पोलाद, हा त्यातला दुसरा. पहिला प्रश्न असा, की पंधरा-वीस मिनिटांत धार जातेच का? कारण बऱ्या स्टेनलेसचा, नीट धार लावलेला चाकू ओल्या शिवणीत इतक्या लवकर थकत नाही. मी सिंधुदुर्गात लाकूडकाम करतो, शिकायला येणाऱ्यांना चाकू हाताळायला देतो, आणि त्यांच्याकडे दोन्ही जातींचे चाकू असतात. 'स्टेनलेसची धार टिकत नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा दोष पोलादात नसतो, धार लावण्यात असतो. काहींचा मात्र खरोखर पोलादातच असतो. कुणाचा कुठे आहे हे चाकू न बघता सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला स्वतःला तपासता येईल अशा क्रमाने लिहितो.

लाकूड पोलादापेक्षा कितीतरी मऊ असतं. मग धार मरते कशाने? नुसत्या घासण्याने ती फार हळू झिजते. सागासारख्या लाकडात मात्र सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, आणि ती धार खरोखर खाते. एरवी कोरीवकामात धार मरते ती तीन कारणांनी. पहिलं, ती एका बाजूला वळते. आपण चाकू सरळ ढकलत नाही. चमच्याच्या गळ्याशी आलो की मनगट फिरवतो, ढलपी उचकटतो, आणि तो आडवा जोर थेट धारेच्या टोकावर येतो. दुसरं, गाठीत किंवा कडक रेषेत तिचे बारीक तुकडे उडतात. तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: ओल्या लाकडाचा रस आम्लधर्मी असतो आणि तो धारेचं टोक गंजवतो. पात्यावर डाग दिसत नाही, पण टोकाची जाडी इतकी कमी असते की तिथे थोडासा गंजही पुरतो.

आता स्टेनलेस म्हणजे काय ते बघू. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. चाकूंच्या पोलादात ते बहुधा तेरा टक्के किंवा त्याहून जास्त असतं. एवढंच. या शब्दातून गंजाबद्दल कळतं, धारेबद्दल काहीच कळत नाही. धार ठरते ती कार्बन किती, पाणी कसं दिलंय (म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक कसं केलंय) आणि आतले कण किती बारीक आहेत यावर. स्वयंपाकघरातल्या स्वस्त सुऱ्यांमध्ये कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. असं पोलाद कितीही नीट पाणी दिलं तरी रॉकवेल या कडकपणाच्या मापावर पन्नाशीच्या सुरुवातीलाच थांबतं. भाजी चिरायला ते पुरतं, कारण भाजी आडवा जोर देत नाही. लाकडात ती धार पहिल्या गाठीलाच वळते. तुमच्या चाकूवर फक्त 'स्टेनलेस स्टील' असं कोरलेलं असेल आणि पोलादाचं नाव कुठेच नसेल, तर तो याच जातीचा असण्याची शक्यता बरीच आहे.

याच्या पलीकडचं टोक रोज आपल्या गालावरून फिरतं. दाढीचं ब्लेड स्टेनलेसचंच असतं. त्या जातीच्या पोलादात कार्बन ०.६५ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १३ टक्के असतं. १९६० च्या दशकापासून जग या ब्लेडनी दाढी करतंय, तेव्हा स्टेनलेसला तीक्ष्ण धार चढत नाही असं कुणी म्हणू नये. स्वीडनचं १२सी२७ हे पोलाद याच घराण्यातलं, कार्बन ०.६ टक्के. मोरा या स्वीडिश कंपनीच्या स्टेनलेस चाकूंत अशाच जातीचं पोलाद असतं आणि त्याचा कडकपणा रॉकवेलवर ५६ ते ५८ असतो. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे खिशातले चाकूही ५६ च्या आसपासचे. एवढ्या कडकपणावर लाकूड व्यवस्थित कोरता येतं.

मग कोरणारे लोक साध्या कार्बन पोलादाचं एवढं कौतुक का करतात? त्यालाही खरा आधार आहे. कार्बन पोलादाचा चाकू ६० च्या आसपास कडक ठेवता येतो, त्यातले कण बारीक असतात, आणि दगडावर तो झटकन धार घेतो. मोरा कंपनीचे १०६ आणि १२० नंबरचे कोरीवकामाचे चाकू लॅमिनेटेड पोलादाचे आहेत, मधला थर कडक कार्बनचा आणि दोन्ही बाजूंना मऊ थर. पण त्याच कंपनीचा चमच्याचा खोलगा कोरायचा १६४ नंबरचा वाकडा चाकू स्टेनलेसचा आहे. चमचे बहुतेक ओल्या लाकडात कोरतात आणि वाकड्या पात्याला धार लावणं कटकटीचं असतं, हे लक्षात घेतलं तर तिथे स्टेनलेस मला पटतं. एकाच घरातून दोन्ही येतात यावरून हा वाद टोकाला नेण्यासारखा नाही हे कळेल.

उलट 'जितकं महाग तितकं चांगलं' असं समजून भरपूर क्रोमियम आणि कार्बनचं पोलाद घेऊ नका. ४४०सी किंवा डी२ (हे पूर्ण स्टेनलेस नाही, पण लोक त्याच रांगेत धरतात) या पोलादांत क्रोमियम कार्बाइडचे, म्हणजे क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेले, मोठे कडक कण असतात. दोरी, पुठ्ठा कापायला, जाड कोनाच्या धारेवर ते उत्तम टिकतात. कोरीवकामाच्या पातळ धारेत मात्र त्या कणांना मागून आधार देणारं पोलाद उरत नाही. कण निखळतात आणि धार करवतीसारखी दातेरी होते. दोरीवर ती दातेरी धारही कापत राहते, पण लाकडावर प्रत्येक दात्याची पांढरी रेघ उठते. कोरीवकामाला साधं, बारीक कणांचं पोलाद बरं, मग ते स्टेनलेस असो वा नसो.

आता मुद्दा धारेच्या कोनाचा. दोन्ही बाजू मिळून २३ ते २५ अंश, हा मऊ ते मध्यम लाकडासाठी चांगला कोन. स्वयंपाकाच्या सुऱ्या ३० ते ४० अंशांवर येतात. त्या लाकडात शिरतच नाहीत, जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की मनगट वळतं. म्हणजे धार जाड असूनही वळते. दुसरीकडे ५६ च्या स्टेनलेसला १८-२० अंशांवर आणलंत तर पहिल्या चार ढलप्या लोण्यासारख्या निघतील आणि मग धार आडवी पडेल. मी स्टेनलेसला मुख्य कोन २४-२५ चा ठेवतो आणि अगदी टोकाला, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा, ३० अंशांचा बारीक उतार देतो. कार्बनच्या ६० वाल्या चाकूला हा उतार बहुतेक वेळा देत नाही. दोन्हींत माझ्या हाताला जाणवणारा फरक मुख्यतः एवढाच आहे.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात ते सांगतो. दगडावर एक बाजू घासली की दुसऱ्या बाजूला पोलादाची एक केसासारखी पातळ पत्री वळून येते. कारखान्यात तिला बर म्हणतात. कार्बन पोलादात ही बर ठिसूळ असते, चामड्यावर दोन-चार वेळा ओढली की तुटून जाते. मऊ स्टेनलेसमध्ये ती चिवट असते. तुटत नाही, या बाजूची त्या बाजूला वळते, आणि शेवटी अगदी सरळ उभी राहते. तेव्हा चाकू भयंकर धारदार वाटतो. हातावरची लव निघते, कागद सरकन कापला जातो. पण लाकूड कापते ती ही पत्री, खाली खरी धार तयारच झालेली नसते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि पत्री कोलमडते. लगेच आपण म्हणतो, स्टेनलेसची धार टिकत नाही. तुमचं वर्णन, म्हणजे 'सुरुवातीला छान कापतो आणि मग एकदम बोथट होतो', मला नेमकं याचंच वाटतं. झिजून मरणारी धार हळूहळू उतरत जाते. बर मोडते ती एकदम.

ती काढायची अशी. शेवटच्या बारीक दगडावर आलात की दाब जवळजवळ काढून टाका, नुसतं पात्याचं वजन राहू द्या, आणि बाजू प्रत्येक घासणीला बदला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग कोन किंचित वाढवून दोन-तीन अगदी हलक्या घासण्या. त्यानंतर मऊ लाकडाच्या आडव्या कापाच्या तोंडावर, जिथे रेषांची टोकं दिसतात तिथे, धार एकदा हलकेच ओढा. उरलेली बर तिथे अडकून तुटते. पुन्हा दोन घासण्या, आणि मग चामडं. नखावर किंवा कापसाच्या बोळ्यावर धार फिरवली की बर शिल्लक आहे का ते कळतं: कापूस अडकतो.

यासाठी महागड्या दगडांची गरज नाही. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुतोंडी काळा कार्बोरंडमचा दगड एकटा पुरणार नाही, त्याची बारीक बाजूही कोरीवकामाच्या मानाने भरडच असते. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर) पाण्याने चिकटवा, भरडापासून बारकाकडे: ४००, ८००, १५००, २००० नंबरचे. मात्र कागदावर पातं नेहमी मागे ओढायचं, धार पुढे ढकलली तर कागद फाटतो. चामड्यासाठी लाकडी पट्टीवर जाड, न रंगवलेलं चामडं चिकटवा. कोल्हापुरी चपलांसाठी वापरतात तसं झाडपाल्याने कमावलेलं चामडं उत्तम. त्यावर भांडी चमकवणाऱ्यांकडे मिळतो तो हिरवा बफिंगचा साबण, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, पातळ घासायचा. चामडं दाबलंत तर ते धारेभोवती वर उचललं जातं आणि टोक गोल करतं. हलका हात पाहिजे. कोरायला बसलो की मी अर्ध्या तासाने चामड्यावर पातं ओढतोच, धार गेली म्हणून नव्हे, जाऊ नये म्हणून.

पोलाद खरंच मऊ आहे की धार चुकीची, हे ओळखण्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे बर काढून धार लावा आणि कुठलंही मऊ, कोरडं, गाठ नसलेलं लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने कापा. कापलेला भाग चकाकला पाहिजे, पांढरट किंवा भुगेदार दिसता कामा नये. मग शिवणीच्या तुकड्यावर वीस मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि धार उन्हात किंवा मोबाइलच्या दिव्यासमोर आकाशाकडे तोंड करून धरा. चांगली धार दिसत नाही, ती प्रकाश परतवत नाही. सलग चमकणारी रेघ दिसली आणि नख एका बाजूला अडकलं तर धार वळली आहे. तुटक ठिपके चमकले तर तुकडे उडाले आहेत. नख कुठेच अडकत नाही पण रेघ चमकते, तेव्हा ती झिजली. वळली असेल तर टोकाचा उतार ३० अंशांवर आणि मग ३५ वर न्या. ३५ वरही ती वळत असेल, तर पोलादच मऊ आहे, त्याला भाजीच्या पाटावर पाठवा.

त्याआधी एक शक्यता तपासा. कारखान्यात मशीनवर लावलेली पहिली धार बरेचदा तापलेली असते. चाकूचं पोलाद पाणी दिल्यावर साधारण दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून मवाळ करतात. धार लावताना टोक त्याहून बरंच जास्त तापलं तर तिथलं पाणी उतरतं. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावरही हेच होतं. साधं पोलाद निळं पडून निदान इशारा देतं. स्टेनलेसवर तो रंग उशिरा येतो, शिवाय त्यातून उष्णता लवकर वाहून जात नाही, त्यामुळे रंग न बदलताही टोक मऊ पडलेलं असू शकतं. असं असेल तर हाताने चार-पाच वेळा धार लावल्यावर, वरचं मऊ पोलाद निघून गेल्यावर, चाकू अचानक सुधारतो. म्हणून नवा चाकू पहिल्या आठवड्यातच नापास करू नका.

आता तुमच्या मित्राचा लोहाराचा सल्ला. वाईट मुळीच नाही. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि थोडं सिलिकॉन असतं. कोयत्यासाठी त्याच्यासारखं चिवट पोलाद नाही. पण कोरीवकामाच्या चाकूला मी चिवटपणापेक्षा कडकपणा जास्त मागतो, म्हणून लोहाराकडे जाणार असाल तर जुनी कानस किंवा बेअरिंगचं पोलाद द्या. दोन्हींत कार्बन एक टक्क्याच्या वरखाली असतो. पाणी दिल्यावर ते नीट मवाळ करून घ्या, कानशीचं पोलाद तसंच ठेवलं तर काचेसारखं फुटतं. तयार पात्याच्या धारेवर नवी कानस हलकेच फिरवून बघा: ती घसरली पाहिजे, चावता कामा नये.

स्टेनलेस मात्र लोहाराकडून करून घेऊ नका. साधं पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून पाणी देता येतं; त्याच्या थोडं आधी त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो, आणि मुरलेला लोहार तो क्षण रंगावरून ओळखतो. स्टेनलेसला हजाराच्या वर, साडेदहाशे अंशांच्या पुढे न्यावं लागतं, ठरावीक वेळ तिथेच धरावं लागतं. भात्याच्या भट्टीत डोळ्यांनी ते साधत नाही. गावातला स्टेनलेसचा कोयता किंवा चाकू मऊ निघाला तर त्यात लोहाराचं कसब कमी पडलेलं नसतं, त्या पोलादाला विजेची भट्टी लागते.

गंजाचं म्हणाल, तर तुमची काळजी रास्त आहे. समुद्राजवळ राहून ओलं लाकूड कोरायचं तर स्टेनलेसच्या बाजूने माझं मत झुकतं, आणि ते फक्त गंज पुसायचा कंटाळा म्हणून नाही. ऐन, बाभूळ, खैर, जांभूळ अशा टॅनिनवाल्या लाकडात साधं पोलाद ओलेपणी लागलं की निळे-काळे डाग उमटतात आणि ते चमच्यावर राहतात. स्टेनलेसने हा त्रास जवळजवळ होत नाही. पण स्टेनलेसही खाऱ्या हवेला पूर्ण पुरून उरत नाही. ओलं पातं प्लॅस्टिकच्या म्यानात कोंबून ठेवलं तर बारीक खड्डे पडतात. पुसून, हवेशीर ठेवा. कार्बनचा चाकू घेतलात तर पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवा. कातडी म्यानात पावसाळाभर ठेवू नका, कातडं ओल धरून ठेवतं. ओपिनेल कंपनीचा घडीचा चाकू कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही रूपांत मिळतो, त्यामुळे तुलना करायला छान आहे. पण आपल्या पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगून पातं उघडायला जड जातं, आणि घडीच्या चाकूवर मी कोरताना पूर्ण जोर टाकत नाही.

लाकूडही बदलून बघा. लोकांना वाटतं मऊ लाकडाला धार कमी लागते. उलट आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा बोथट चाकूने कापला जात नाही, चेंगरतो आणि फाटतो. कडक लाकूड धार लवकर मारतं, पण थोडी उतरलेली धार सहन करतं. आंबा, शिवण ओली असतानाच चमच्याचा आकार काढून घ्या, मग तुकडा कागदी पिशवीत सावलीत वाळू द्या आणि शेवटचा हात ताज्या धारेने फिरवा. फर्निचरवाल्याचे सागाचे तुकडे वाळून कडक झालेले असतात, त्यात सिलिका. त्यांच्यावर कुठल्याही चाकूची परीक्षा घेऊ नका. सागात कोरायचंच असेल तर बाहेरचा आकार करवतीने आणि पटाशीने काढा, चाकू शेवटच्या पातळ ढलप्यांपुरता.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: आहे त्याच चाकूची बर नीट काढा, कोन २५ आणि टोकाला ३०, चामडं, आणि ओल्या शिवणीवर वीस मिनिटं. टिकला तर नवं काही घेऊ नका. नाही टिकला तर पोलादाचं नाव छापलेला, ५६ ते ५८ कडकपणाचा, सरळ पात्याचा स्टेनलेस चाकू घ्या. पुढे हात बसला आणि कोरड्या, कडक लाकडात काम वाढलं की जोडीला एक कार्बनचा. चाचणी झाल्यावर धार चमकली ती सलग रेघेत की ठिपक्यांत, आणि नख कुठल्या बाजूला अडकलं, एवढं कळवा. ते कळल्याशिवाय कोन आणखी बदलावा की चाकूच बदलावा हे मी सांगू शकणार नाही.